उजवी बाजू, डावी बाजू

सांता रीता, ९ फेब्रुवारी १९९८

अलेयदाताई,

नाताळात तू दिलेली आटवलेल्या दुधाची वाटी आम्ही नवराबायकोनं चाटूनपुसून संपवली. एवेलियो म्हणतो, "तुझ्या बहिणीला पत्र लिही, म्हणजे दुसरी येईल." पण हे पत्र त्यासाठी नाही.

फोनवर बोलता आलं असतं. पण इथल्या फोनच्या खोलीत डोन्या ओफेलिया तारेला कान लावून बसलेली असते. मी डोंगर चढून घरी पोचायच्या आत माझं बोलणं चौकात पोचलेलं असतं. म्हणून लिहिते.

आमच्या शाळेत ग्रासिएला नावाची नवीन बाई आली आहे, दुसरीला शिकवते. तिच्या छातीत गाठ निघाली. कार्तागोच्या डॉक्टरांनी सांगितलंय की एक बाजू काढावी लागेल. नंतर हवं असेल तर आत सिलिकॉन घालून पुन्हा आकार देता येतो म्हणे. बिचारी गोंधळून गेली आहे. मी तिला म्हटलं, माझी एक चुलत बहीण आहे काली शहरात, तिनं हे सगळं केलंय, बारा वर्षं झाली, पोहायला शिकवते, धडधाकट आहे.

ताई, तुला हे विचारायला मला अवघड वाटतं, कारण आपल्या घरात तुझं ऑपरेशन म्हणजे "अलेयदाचं ते". आजीसुद्धा "ते" म्हणायची आणि छातीवर क्रॉसची खूण करायची. पण त्या बाईला खरं कळायला हवं. ते गार लागतं का? पालथं झोपता येतं का? आरशात बघताना काय वाटतं? आणि इतक्या वर्षांनी कसं आहे? नाताळात सगळ्यांसमोर "छान आहे, मजेत आहे" म्हणतेस तसं नको. नीट लिही.

तुझी,
फॅनोरी

•

काली, २४ फेब्रुवारी १९९८

फॅनो,

बारा वर्षांत आपल्या घराण्यातलं कुणी हे विचारेल असं वाटलं नव्हतं, आणि विचारलंस ते दुसऱ्या बाईसाठी! असो. तिच्या निमित्तानं का होईना.

तर तुझ्या ग्रासिएलाला सांग. डावी बाजू काढली तेव्हा मी पस्तिशीची होते. पहिलं वर्ष आत काहीच घातलं नव्हतं. सासूबाईंनी एक कापडी पिशवी शिवून दिली, आत पोपटाला घालतात ते राळं भरलेलं. वजन बरोबर आलं, हातालाही मऊ. पण माझा धंदा पाण्यातला! पोहण्याच्या कपड्याआड ती पिशवी सारखी ओली राहायची, आणि एके दिवशी बघते तर राळ्याला मोड आलेले. त्यांचा लेक अर्नुल्फो म्हणाला, "अजून आठवडाभर थांब, कापणीला येईल." मी हसले नाही. त्याच्या अंगावर चप्पल फेकली.

मग स्पंज घातला. स्पंज पाणी पितो. पूलमधून वर आले की एका बाजूनं धार लागायची. वर्गातली एक छोटी ओरडली, "टीचर, तुम्ही गळताय!" मी घरी आले आणि अर्नुल्फोला सांगितलं, डॉक्टरांची वेळ घे, मला ते सिलिकॉन घालायचंय.

आता उत्तरं. गार लागतं, हो, समुद्रात पोहून आल्यावर बराच वेळ गार राहतं. मध्ये बधिर आहे, कडेनं कळतं. पालथं झोपायला वर्षभर लागलं. आरशात ती जोडी नसते, एक दुसरीची दूरची बहीण वाटते. पण कपडा घातला की मी विसरून जाते, आणि दिवसभर विसरलेलीच राहते. तीच तर खरी चैन आहे.

क्लिनिकमधून दरवर्षी एक मुलगी फोन करते. "अलेयदाबाई, एक ते दहामध्ये तुम्ही किती समाधानी?" मी नऊ सांगते. एक मी कापते, कारण दहा म्हटलं तर देवाला वाटेल हिला काही नको.

तिला सांग, घाबरू नकोस, बिनधास्त कर.

अलेयदा

ता. क. दुधाची वाटी ट्रकवाल्या मामांबरोबर पाठवते. एवेलियोला म्हणावं, बोट घालून खाऊ नकोस.

•

सांता रीता, २२ मार्च १९९८

अलेयदाताई,

वाटी पोचली. एवेलियोनं बोट घातलंच.

तुझं पत्र ग्रासिएलाला वाचून दाखवलं. राळ्याच्या मोडापाशी ती इतकी हसली की तिला छाती धरून बसावं लागलं. तिचं ऑपरेशन झालं. गाठ लहान होती, बगलेतून तपासायला काढलेलं सगळं स्वच्छ निघालं. गोळ्या घ्यायच्या आहेत, बस. बाकीचं नंतर ठरव म्हणाले डॉक्टर, घाई नाही.

तिनं एक विचारलंय. तू पहिल्या वर्षाचं लिहिलंस, दुसऱ्याचं लिहिलंस. आत्ताचं काही लिहिलं नाहीस. यंदाही नऊच सांगितलेस का?

ईस्टरच्या पवित्र आठवड्यात मी कालीला येत नाही. खोकला धरलाय, शाळेतून रजा घेतली आहे. घर एवेलियो बघतो. काल त्यानं कोंबडीचा रस्सा केला, केळी सालासकट टाकली. मी खाल्ला. अक्षर वाईट आलंय, मांडीवर पाट घेऊन लिहिते आहे.

तुझी,
फॅनोरी

•

काली, ५ एप्रिल १९९८

फॅनो,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी तिला काय उत्तर द्यायचं ते.

यंदा नऊ सांगितले नाहीत. त्या मुलीचा फोन आला तेव्हा मी अर्नुल्फोला खूण केली, सांग मी पूलवर गेले आहे. मी खुर्चीतच बसले होते.

तीन वर्षं झाली, ती बाजू कडक होत चालली आहे. आधी मला वाटलं पोहून स्नायू भरले. मग ती वर सरकायला लागली. आता हाडाखाली कच्चा पेरू ठेवल्यासारखी आहे, डावा हात डोक्यावर नेला की ओढ बसते. मुलांना मी आता काठावरून शिकवते आणि त्यांना सांगते, टीचरना सर्दी झाली आहे. तीन वर्षांची सर्दी! डॉक्टर म्हणाले, आत परकी वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती पापुद्रा धरतं, सगळ्यांच्यात धरतं. काहींच्यात तो जाड होतो आणि आवळत जातो. जिवाला धोका नाही. पण आपोआप मऊ पडणार नाही. एक तर काढून नवीन घालायची, नाही तर नुसती काढायची. मी अजून काही ठरवलेलं नाही. अर्नुल्फोला दुखतं एवढंच माहीत आहे.

हे ग्रासिएलाला सांगू नकोस. नुकती उठून बसलेली बाई, तिला दहा वर्षांपुढची भीती आत्ता कशाला?

आता दुसरी गोष्ट. तू मांडीवर पाट घेऊन लिहिलंस म्हणतेस. पाचवीत असताना तू झाडावर बसून मला पत्र लिहायचीस आणि तरी ओळ सरळ असायची. या पत्रात तुझ्या ओळी उतारावरून घसरल्यासारख्या खाली गेल्यात. उजवा हात टेकून लिहिता येत नसेल तर असं होतं. मला माहीत आहे, माझ्या शेजारच्या खाटेवर जी होती तिची उजवी बाजू काढली होती, ती सही करताना अशीच घसरायची. आणि खोकल्यासाठी एवेलियो चुलीपाशी उभा राहील? तुला टायफॉइड झाला तेव्हासुद्धा तो त्याच्या आईला बोलवायला धावला होता.

फॅनो, ग्रासिएला कोण आहे?

नको वाटलं तर उत्तर देऊ नकोस. पण मग डोन्या ओफेलियाच्या खोलीतून फोन कर आणि नुसता खोकून दाखव.

अलेयदा

•

सांता रीता, २० एप्रिल १९९८

ताई,

दुसरीला मीच शिकवते.

तुला सांगायचं नव्हतं असं नाही. पण तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं इथं असतीस, आणि तू आलीस की मी रडले असते, आणि रडले असते तर कार्तागोला गेलेच नसते. म्हणून मी एक बाई तयार केली. तिला धीट केलं, माझ्यापेक्षा तरुण केलं. खरं सांगू, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती मला उपयोगी पडली. मी मनात म्हणत होते, ग्रासिएला, ऊठ, आंघोळ कर, बस निघेल.

एवेलियोचं लिहिते. पट्टी बदलायला नर्स यायची तेव्हा तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभा राहायचा. मार्च महिना त्याला पाठ झाला असेल. मला वाटलं, झालं, हा आता जन्मभर कॅलेंडर बघणार. मग एका सकाळी नर्स आली नाही, घाटात दरड पडली होती. तो म्हणाला, "मी करू?" मी म्हटलं, "तुला बघवणार नाही." तो म्हणाला, "मला तुला दुखताना बघवत नाही गं. टाक्यांचं मला काय? गाईला मीच घालतो की."

असं बोलतात का बायकोला? पण हात इतका हलका होता त्याचा.

आता तुझ्यावर रागावते. नऊ म्हणालीस! मी ते पत्र उशीखाली ठेवून झोपायचे, आणि मध्येच वाटायचं, ताईला इतकं सगळं सोपं गेलं, मीच भित्री. दुसरं पत्र आलं, कच्च्या पेरूचं, आणि मी ते वाचून शांत झोपले. दुष्ट वाटेल, पण तसंच झालं. तू खुर्चीत बसून "पूलवर गेले" असं सांगायला लावलंस ना, तिथं मला माझी बहीण सापडली.

एकच विचारायचं आहे, आणि या वेळी माझ्यासाठी. ते पुढे कडक होणार हे आधी माहीत असतं, तर तू घातलं असतंस का?

फॅनोरी

•

काली, १७ मे १९९८

फॅनो,

उत्तराला उशीर झाला, कारण खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं माहीत नव्हतं.

तुझं पत्र घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. ते आता म्हातारे झालेत, भिंगातून तपासतात. मी भांडायच्याच बेतानं गेले होते. म्हटलं, "हे जन्मभराचं नसतं, हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

ते म्हणाले, "सांगितलं होतं, अलेयदा. दहा-पंधरा वर्षांत बदलावं लागेल म्हणालो होतो. तुम्ही म्हणालात, डॉक्टर, आधी दहा वर्षं जगू तर द्या."

मला आठवत नव्हतं. पण बोलणं माझंच होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

तर उत्तर असं. हो, घातलं असतं. आठ वर्षं ती चांगली होती, फॅनो. त्या आठ वर्षांत मी किती पोरं पाण्यात उतरवली, ब्वेनाव्हेंतुराच्या समुद्रात पोहले, भाचीच्या लग्नात पाठ उघडी असलेला हिरवा झगा घातला. दर सकाळी कपडे घालताना मला आजार आठवला नाही. ती आठ वर्षं खोटी होती असं मी आता का म्हणू? आंबा डिसेंबरात नसतो म्हणून जूनमधला आंबा वाईट होत नाही.

पण मी नवीन घालणार नाही. काढून टाकणार. पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा दहा वर्षांचा हिशोब, हे आता मला नको. मला हात वर न्यायचा आहे, बस. पाण्यात उतरायचं आहे.

अर्नुल्फोला सांगितलं तेव्हा तो टॅक्सी धूत होता. म्हणाला, "तुला बरं वाटणार असेल तर काढ." मी म्हटलं, "ते झालं रे. तुला काय वाटतं?" तो बराच वेळ फडकं पिळत राहिला. म्हणाला, "मला विचारशील तर, मला ती आवडायची." मी म्हटलं, "मलाही." मग त्यानं धुतलेली टॅक्सी परत धुतली. तो खोटं बोलला असता तर मला जास्त लागलं असतं.

क्लिनिकच्या मुलीला मीच फोन केला. तिनं आपलं सुरू केलं, एक ते दहामध्ये किती? मी म्हटलं, कुठल्या वर्षाचं विचारतेस? ती म्हणाली, "बाई, माझ्याकडे एकच चौकोन आहे." बिचारी! मी म्हटलं, मग तो रिकामाच ठेव.

जूनच्या शेवटी ऑपरेशन आहे. तुला सुट्टी असेल. येशील का? रडायला हरकत नाही, माझ्याकडे जागा आहे.

अलेयदा

•

सांता रीता, १९ जुलै १९९८

ताई,

नीट पोचले. घाटात दोनदा थांबलो. बसमध्ये मी एकटीच हसत होते, शेजारची बाई सरकून बसली. काय करू, तुझी न्हाणी आठवत होती. तुझी पट्टी काढल्यावर आपण दोघी आरशापुढे उभ्या राहिलो, तू डावीकडे सपाट, मी उजवीकडे, आणि तू म्हणालीस, "दोघी मिळून एक बाई पुरी होते. दोन सपाट बाजू उरतात त्यांचं काय करायचं?" हसताना तुझा टाका ओढला गेला आणि अर्नुल्फो दाराबाहेरून ओरडला, "काय झालं?" तुला त्याला सांगताच येईना.

तिथं मी तुला एक बोलले नाही, कारण तेव्हा माझं ठरायचं होतं. आता ठरलं. मी घालून घेणार आहे. जानेवारीत, कालीला, तुझ्याच डॉक्टरांच्या हाताखालच्या बाई आहेत त्यांच्याकडे.

तुला वाटेल, हिनं माझी हालत बघितली आणि तरी? पण ताई, तुला बघितलं म्हणूनच. तोवर मला सपाट छातीची भीती वाटत होती. भीतीपोटी घालून घ्यायचं नव्हतं. तुला न्हाणीत बघितलं, तू पाठ खाजवत उभी होतीस, केस ओले, आणि तू तूच होतीस. भीती गेली. ती गेल्यावर बघितलं, तर इच्छा तरीही उरलीच होती. मग ती खरी असणार.

एवेलियो म्हणाला, "परत दुखेल तुला." मी म्हटलं, दुखू दे. तो म्हणाला, "माझ्यासाठी नको करूस." मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाहीच करत." तर म्हणतो, "बरं झालं. तू माझ्यासाठी म्हणाली असतीस तर काय बोलावं तेच मला कळलं नसतं." आणि कॉफी वाळत घालायला गेला.

रागावू नकोस.

फॅनोरी

•

काली, ६ सप्टेंबर १९९८

फॅनो,

रागावले. पत्र वाचून दोन दिवस रागावले. मला वाटत होतं, आता आपण दोघी सारख्या. मनात मी आपल्या दोघींसाठी पोहण्याचे कपडेसुद्धा शिवायला टाकले होते. मग लक्षात आलं, की माझं बरोबर होतं हे तुझ्याकडून वदवून घ्यायचं होतं मला. ते तुझं काम नाही. मी पस्तिशीची असताना मला कुणी "नको घालूस" म्हटलं असतं, तर त्याच्याही अंगावर चप्पल गेली असती.

म्हणून आता मोठी बहीण म्हणून सांगते. जन्मभराचं लग्न समजू नकोस, भाड्याचं घर समज. आवडेल तोवर राहा, दरवर्षी छप्पर तपासून घे. कडक झालं, वर सरकलं, दुखलं, तर पहिल्या आठवड्यात मला सांग. सर्दी झाली म्हणून तीन वर्षं काठावर बसू नकोस. आणि येताना पुढून बटणाचे सदरे आण, डोक्यावरून घालायचं काही नको.

मी पाण्यात उतरले. शिवणाऱ्या बाईनं डावीकडे कापड सपाट बसवून दिलं आहे. पहिल्या दिवशी वर्गातल्या एका चिमुरडीनं बोट दाखवून विचारलं, "टीचर, तुमची ही कुठं गेली?" तिची आई काठावर लाजून लाल. मी म्हटलं, "आजारी होती, डॉक्टरांनी काढली." ती म्हणाली, "माझे टॉन्सिल पण," आणि सूर मारला.

डावा हात पूर्ण वर जातो. पाणी कापत जातो. काय सांगू तुला!

खोली तयार ठेवते.

अलेयदा

•

सांता रीता, ३ जानेवारी २०१०

अलेयदाताई,

मोबाईल आहे, पण डोंगरामागे तो मुका होतो, आणि हे तुला लिहूनच सांगावंसं वाटलं.

नोव्हेंबरात तपासून आले. अकरा वर्षं होत आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पापुद्रा पातळच आहे, कडेला एक चुणी पडली आहे, तेवढ्यावर लक्ष ठेवू. थोडी खाली बघते ती आता, खरी बाजू तर त्याहून खाली. वय झालं तसं दोघी आपापल्या मार्गानं निघाल्यात. पुढे बदलायची वेळ आली तर काय करीन, माहीत नाही. त्या वेळची फॅनोरी ठरवील.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. नवीन वर्षाला आम्ही सगळे नदीवर गेलो होतो, मोठं पातेलं घेऊन. पुरुष चूल मांडत होते. आम्ही बायका वळणापलीकडच्या डोहात उतरलो, अंगावर परकर तेवढे. इतकी वर्षं मी तिथं सदरा घालूनच उतरायचे. यंदा काढला. मुद्दाम नाही गं, ऊन होतं, सगळ्या काढत होत्या, मीही काढला. गळ्यापर्यंत पाण्यात गेल्यावर लक्षात आलं.

एवेलियोची ऐंशी वर्षांची मावशी आहे, बेत्साबे. ती सुईण, गावातली अर्धी माणसं तिच्याच हातांवर जन्मली आहेत. बाहेर येऊन मी केस पिळत होते, तर ती दगडावर बसून माझ्याकडे टक लावून बघत राहिली. तिला सगळं ठाऊक आहे, पण बाजू विसरली होती. मावशी मोठ्यानं म्हणाली,

"फॅनोरी, यातली खरी कुठली गं?"

मी खाली बघितलं. आणि ताई, मला क्षणभर कळेचना की ती काय विचारते आहे.

"मावशी," मी म्हटलं, "दोन्ही माझ्याच की."

"बरं," ती म्हणाली, "मग अंग पूस. रस्सा गार होतोय."

तुझी,
फॅनोरी